कुलूप कोणाचं, हे आधी विचारा: परदेशात राहून लॉकपिकिंगचा छंद

हॅम्बुर्गमधला आमचा पहिलाच हिवाळा होता. रविवारी संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले आणि मागे दार लागलं. जर्मनीतल्या बहुतेक फ्लॅटच्या दाराला बाहेरच्या बाजूने फिरवायची मूठ नसते. तिथे एक घट्ट बसवलेला गोळा असतो, फक्त दार ओढून घेण्यासाठी. त्यामुळे दार एकदा लागलं की कुलूप लावलेलं असो वा नसो, किल्लीशिवाय आत जाता येत नाही. पायात घरातल्या चपला, अंगात पातळ स्वेटर, फोन आत, शेगडीवर वरणाचं पातेलं. शेजारच्या आजींनी फोन करून किल्लीवाल्याला बोलावलं. तो आला, पिशवीतून प्लास्टिकचा एक लवचिक पत्रा काढला, दार आणि चौकटीच्या फटीत सरकवला, दोनदा हलवला आणि दार उघडलं. मिनिटही लागलं नसेल. बिल झालं २८० युरो. रविवारचा आकार वेगळा, संध्याकाळचा वेगळा, येण्याजाण्याचा वेगळा.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. ज्या दाराच्या भरवशावर मी दोन लहान मुलांना घेऊन झोपत होते, ते इतक्या सहज उघडतं? आणि मग आत बसवलेलं ते जाडजूड कुलूप नेमकं करतं काय? या प्रश्नांचा माग काढत काढत मी लॉकपिकिंगपर्यंत पोचले. आता या छंदाला सहा वर्षं झाली. भारतातून परदेशात आलेल्या बऱ्याच जणांना याचं कुतूहल असतं, पण ‘नको बाबा, भलत्या भानगडीत अडकायचो’ म्हणून ते बिचकतात. भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच हे सगळं नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

लॉकपिकिंग म्हणजे कुलूप न मोडता, त्याला इजा न करता, किल्लीशिवाय उघडणं. माझ्यासाठी आलेल्या माणसाने केलं ते लॉकपिकिंग नव्हतंच. त्याने कुलपाला हातही लावला नाही, फक्त दाराची जीभ मागे सरकवली. मी किल्ली फिरवून दार बंद केलं असतं, तर त्याच्या पत्र्याचा काही उपयोग झाला नसता. एवढं एक कळलं तरी तुमचं घर आजपासून जास्त सुरक्षित होईल: बाहेर जाताना दार नुसतं ओढून घेऊ नका, किल्ली फिरवा.

आत काय दडलंय

आता कुलपाच्या आत शिरू. युरोपातल्या घरांच्या दारांत सहसा एक लांबट सिलिंडर बसवलेला असतो. त्याच्या वरच्या गोल भागात किल्ली जाते आणि तो गोल गाभा फिरला की दाराचा खटका सरकतो. प्रश्न एवढाच, की चुकीच्या किल्लीने गाभा फिरू नये म्हणून त्याला धरून कोण ठेवतं?

जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर आठवा. लाकडी दांडा निम्मा भिंतीतल्या खोबणीत आणि निम्मा दारामागे. तो तसा आहे तोवर दार हलत नाही. सिलिंडरमध्ये असेच पाच-सहा बारीक पितळी अडसर असतात, त्यांना पिना म्हणतात. प्रत्येक पिन निम्मी फिरत्या गाभ्यात आणि निम्मी बाहेरच्या स्थिर भागात रुतलेली असते, आणि मागून एक स्प्रिंग तिला ढकलत असते. गंमत अशी की हा अडसर अखंड नसतो, त्याचे दोन तुकडे असतात, एकावर एक ठेवलेले. प्रत्येक पिनेचा काप वेगळ्या उंचीवर. किल्लीचे दात एवढंच करतात: प्रत्येक पिनेला बरोबर इतकं सरकवतात, की तिचा काप गाभा आणि बाहेरचा भाग यांच्या सीमेवर येतो. सगळे काप एका रेषेत आले की आडवं यायला कुणी उरत नाही आणि गाभा फिरतो.

म्हणजे किल्लीशिवाय उघडायचं तर पाचही पिना एकाच वेळी अचूक उंचीवर धरायला हव्यात. हाताने हे अशक्य वाटतं. पण कुठलाही कारखाना पाच भोकं तंतोतंत एका ओळीत पाडू शकत नाही. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक राहतोच. मग गाभ्याला किंचित पीळ दिला की पाचही पिना एकदम दाबल्या जात नाहीत. ज्या भोकाची ओळ सर्वांत चुकलेली, तिथली पिन आधी अडते, बाकीच्या मोकळ्या राहतात. त्या अडलेल्या पिनेला हळूच सरकवत नेलं की तिचा काप सीमेवर येतो, गाभा केसभर फिरतो आणि ती पिन तिथेच टेकून राहते. आता दुसरी अडते. मग तिसरी. जे काम एकदम करणं अशक्य होतं, ते एकेक करून होतं. अख्खी लॉकपिकिंगची विद्या या केसभर फरकावर उभी आहे.

साधनं दोनच. पीळ देण्यासाठी वाकवलेली एक चपटी पट्टी आणि पिना चाचपण्यासाठी टोकाला आकडा असलेली बारीक सळई. पीळ द्यायला जोर लागतो असं नवख्याला वाटतं आणि तिथेच सगळं फसतं. कीबोर्डचं बटण न दाबता त्यावर नुसतं बोट टेकवावं, इतकाच भार पुरतो. जास्त जोर दिला की सगळ्या पिना एकदम आवळतात आणि कुठली खरी अडलीय ते कळेनासं होतं. मला पहिलं कुलूप उघडायला अकरा संध्याकाळी लागल्या. अकराव्या संध्याकाळी मुलं झोपल्यावर बसले होते. चौथी पिन ढकलताना बोटाच्या टोकाला एक बारीकसा ‘टक्’ जाणवला. ऐकू आला म्हणणार नाही, जाणवला. मोहरी तडतडण्याआधी तेलात एखादीच हलते ना, तेवढाच. आणि पट्टी धरलेल्या बोटाखालून गाभा निसटल्यासारखा गर्रकन फिरला. तो क्षण अजून माझ्या हातात आहे.

चांगल्या कुलपांत याच्यावरही तोड असते. काही पिना डमरूच्या आकाराच्या करतात, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. तुम्ही ढकलता, गाभा थोडा फिरतो, वाटतं झालं. प्रत्यक्षात डमरूची बारीक कंबर सीमेवर येऊन अडकलेली असते. तिथून सुटायचं तर पीळ सैल करावा लागतो, गाभा थोडा उलटा जाऊ द्यावा लागतो, आणि त्यात आधी बसवलेल्या पिना घसरू द्यायच्या नाहीत. पुढे जाण्यासाठी हातचं थोडं सोडायची ही तयारी बोटांना शिकवायला मला जवळपास वर्ष लागलं.

जाता जाता एक अडचण सांगते, कारण ती परदेशात शिकणाऱ्यालाच येते. अमेरिकेत कुलपातल्या पिना वरच्या बाजूला असतात, जर्मनी-नेदरलँड्समध्ये सिलिंडर उलटा बसवतात, त्यामुळे पिना खालून वर येतात. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकी. आपण त्यात पाहून वर चाचपत बसतो आणि तिथे काहीच नसतं.

परदेशी माणूस आणि लंडनची कुलपं

या छंदाची सर्वांत गाजलेली गोष्टसुद्धा परदेशी गेलेल्या माणसाचीच आहे. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेलं होतं. जो हे किल्लीशिवाय उघडायचं साधन बनवील त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी. त्या पाटीवर उघडणाऱ्यासाठी शब्द होता ‘कलाकार’. हे मला फार आवडतं. साठ वर्षांच्या आसपास ते कुलूप कुणालाही उघडलं नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकेतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपकार आला. त्याने आधी चब कंपनीचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. त्या कुलपाची ख्याती अशी, की कुणी चुकीचं काही घालून पाहिलं तर ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं. मग त्याने ब्रामांच्या कुलपाला हात घातला. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते उघडलं.

इंग्लंडात केवढी खळबळ झाली! लोकांना आपल्या तिजोऱ्यांची काळजी वाटू लागली. असल्या गोष्टी उघड बोलाव्यात का, चोरांना आयतं शिक्षण मिळेल, असा वादही झडला. हॉब्ज यांचं म्हणणं होतं की चोरांना त्यांच्या धंद्यातलं तुमच्या-आमच्यापेक्षा आधीच जास्त कळतं. अंधारात राहतो तो सामान्य गिऱ्हाईक. ते पुढे काही वर्षं लंडनलाच राहिले आणि त्यांनी तिथे स्वतःचा कुलपांचा कारखाना काढला. ब्रामांचं ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी सवड काढून ते जरूर पाहावं.

हाच वाद २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये पुन्हा उभा राहिला. बॅरी वेल्स आणि रोप गोंग्ग्राइप यांनी दाखवून दिलं, की विशिष्ट पद्धतीने कातलेली किल्ली घालून तिच्यावर ठोका दिला, तर बाजारातली कितीतरी कुलपं उघडतात. ठोक्याने पिना क्षणभर उसळतात आणि तेवढ्यात गाभा फिरतो. त्यानंतर कंपन्यांना आपली कुलपं सुधारावी लागली. वेल्स हे टूल या डच लॉकपिकर संघटनेच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या मंडळींचं लॉककॉन नावाचं संमेलन नेदरलँड्समध्ये भरतं.

‘पण हे चोराला शिकवण्यासारखं नाही का?’ सांगलीहून आईने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता. तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. घरफोडी करणाऱ्याला वेळ नसतो. तो पेचकस नाहीतर पहार घालून खिडकी किंवा दार उचकटतो. अकरा संध्याकाळी एका पितळी सिलिंडरवर बसायची त्याची तयारी नसते. मी स्वतः हे शिकल्यावर दाराचं कुलूप बदललं नाही. तळमजल्यावरच्या आमच्या कोठीच्या खिडकीला मात्र किल्लीची मूठ बसवून घेतली.

जर्मनीतला फेराइन

जर्मनीत कुठलाही छंद घ्या, त्याचा फेराइन असतो. फेराइन म्हणजे आपल्याकडच्या नोंदणीकृत मंडळासारखी संस्था, घटना, सभासद वर्गणी, वार्षिक सभा सगळ्यासकट. लॉकपिकिंगचा फेराइन १९९७ मध्ये हॅम्बुर्गमध्येच स्थापन झाला. त्याचं नाव ‘श्पोर्ट्सफ्रॉइंडे डेर श्पेरटेक्निक’. मराठीत कुलूपविद्येचे खेळमित्र म्हणता येईल. नावातच ‘खेळ’ आहे, आणि ते मुद्दाम आहे.

स्थापना करणाऱ्यांत श्टेफेन वेर्नेरी होते. हेच गृहस्थ केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेचेही. १९८४ मध्ये या क्लबने जर्मन पोस्टाच्या ऑनलाइन सेवेतली त्रुटी वापरून हॅम्बुर्गच्या एका बँकेच्या खात्यातून एका रात्रीत सुमारे १,३५,००० मार्क आपल्याकडे वळवले आणि सगळ्यांसमोर जाहीर करून परत दिले. यंत्रणा सुरक्षित आहे असं नुसतं म्हणू नका, तपासून पाहू द्या, हा त्या मंडळींचा आग्रह. कुलपांकडे ते त्याच वृत्तीने वळले. आजही केऑसच्या डिसेंबरातल्या अधिवेशनात लॉकपिकिंगची टेबलं मांडलेली असतात आणि शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे तिथे माना खाली घालून बसलेले दिसतात.

मी पहिल्यांदा मंडळाच्या बैठकीला गेले तेव्हा माझं जर्मन जेमतेम होतं. तरी चाललं. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पन्नासेक सिलिंडर, ते घट्ट धरून ठेवायला चार छोटे वाइस, कॉफीचा थर्मास. एका निवृत्त सुताराने काही न बोलता माझ्या मनगटाखाली दुमडलेला रुमाल ठेवला, कारण माझा हात अधांतरी थरथरत होता. परदेशात ओळखी व्हायला वर्षं जातात असं आपण म्हणतो. हातात काम असलं की त्या लवकर होतात, हा माझा अनुभव.

तिथे पहिल्या दिवशी दोन नियम सांगतात आणि ते जगभरच्या लॉकपिकर मंडळींत सारखेच आहेत. स्वतःच्या मालकीचं किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेलं कुलूपच उघडायचं. आणि जे कुलूप वापरात आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही, ते स्वतःचं असलं तरी. दुसरा नियम नवख्यांना जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. सळईने पिना झिजतात, कधी स्प्रिंग निसटते, कधी गाभा अर्धवट फिरून अडकतो. मग तुम्ही दाराबाहेर आणि रविवार संध्याकाळ.

भाड्याचं घर

परदेशात राहणारे आपण बहुतेक भाडेकरू. तेव्हा ‘माझ्या घराचं कुलूप’ हे खरं तर माझं नसतंच, ते घरमालकाचं असतं. इथेच सर्वांत जास्त जपायला हवं.

जर्मनीतल्या मोठ्या इमारतींत कुलपांची एक साखळी असते, श्लीसआनलागे म्हणतात तिला. तुमच्या एकाच किल्लीने तुमचं दार, इमारतीचा मुख्य दरवाजा, तळघर, सायकलींची खोली सगळं उघडतं, पण शेजाऱ्याचं दार उघडत नाही. काही पिनांना दोन-दोन काप देऊन हे साधलेलं असतं. सोय छान आहे. मात्र एक किल्ली हरवली तर सगळी साखळीच बदलायची वेळ येऊ शकते. हायडेलबर्गमधल्या एका भाडेकरूला घर सोडताना एक किल्ली परत करता आली नाही म्हणून १,४६८ युरो मागितले गेले आणि प्रकरण थेट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेलं. ५ मार्च २०१४ ला निकाल लागला: कुलपं प्रत्यक्ष बदलली असतील तरच भाडेकरूकडून भरपाई घेता येईल, नुसत्या अंदाजावर नाही. निकाल भाडेकरूच्या बाजूने लागला, पण त्यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की कुलपं खरोखर बदलली तर बिल तुमच्या माथी येऊ शकतं. तेव्हा इमारतीच्या साखळीतल्या कुलपावर ‘जरा करून बघू’ म्हणून सळई चालवणं महागात पडेल. तुमच्या हाफ्टफ्लिष्ट विम्यात, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यात, किल्ली हरवल्याचं संरक्षण आहे का, हेही एकदा बघून ठेवा. या छंदात पडणार नसलात तरी.

सरावासाठी कुलपं हवी असतील तर वाटा पुष्कळ आहेत. रविवारच्या जुन्या बाजारात एक-दोन युरोला सिलिंडर मिळतात. नूतनीकरण चाललेल्या इमारतीच्या हाउसमाइस्टरला, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्याला, नीट विचारलं, तर काढून टाकलेले सिलिंडर तो बरेचदा पिशवीभर देतो. मी पुण्याला गेले की मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराची एक फेरी ठरलेली. ‘६ लिव्हर’, ‘८ लिव्हर’ असे शिक्के असलेली आपली जुनी कुलपं तिथे मिळतात आणि इकडच्या मंडळींना त्यांचं भारी अप्रूप. त्यांत पिना नसतात, पत्त्यांच्या गड्डीसारख्या पितळी पट्ट्या असतात, एकीवर एक. प्रत्येक पट्टीत एक खाच. सगळ्या खाचा समोरासमोर आल्या की खटक्याला वाट मिळते. म्हणजे तत्त्व तेच, अंग वेगळं.

देशागणिक कुलपं बदलतात आणि त्याबरोबर हातही बदलावा लागतो. ब्रिटनमध्ये जुन्या घरांच्या दारांत पाच लिव्हरची कुलपं असतात आणि विमा कंपन्या त्यावर बीएस ३६२१ हे मानक आहे का ते विचारतात. इटलीत दोन्ही बाजूंना दाते असलेल्या लांब किल्ल्या. फिनलंडमध्ये फिरत्या चकत्यांचं कुलूप, ज्याचा शोध एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ मध्ये लावला. त्यात स्प्रिंगने दाबलेल्या पिना नसतात, त्यामुळे आमची नेहमीची सळई तिथे निरुपयोगी ठरते.

हद्द ओलांडली की कायदा बदलतो

हा भाग सावकाश वाचा. जर्मनीत लॉकपिकिंगची साधनं विकत घेणं, जवळ बाळगणं, मंडळाच्या बैठकीला घेऊन जाणं यात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो दुसऱ्याच्या घरात शिरणं, चोरी करणं, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणं. नेदरलँड्समध्येही साधारण असंच. पण बर्लिनहून रेल्वेने पूर्वेला निघालात तर तासाभराच्या अंतरावर पोलंडची हद्द लागते आणि तिथे नियम उलटा. ज्याच्या व्यवसायाला त्यांची गरज नाही अशा माणसाने ही साधनं नुसती जवळ बाळगणंही तिथे शिक्षेला पात्र आहे, आणि साधनं जप्त होतात. मध्ये तपासणी नाका असेल-नसेल, कायदा मात्र बदललेला असतो. शनिवार-रविवारची सहल म्हणून पोलंडला जाताना माझी पिशवी मी घरी ठेवते.

जपान आणखी कडक. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सळईने कुलपं उघडून झालेल्या घरफोड्या फार वाढल्या होत्या, म्हणून २००३ मध्ये खास कायदा आला. व्यवसाय किंवा तसंच योग्य कारण असल्याशिवाय ही साधनं बाळगली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. छंद हे कारण तिथे पुरणार नाही असंच धरून चाला. जर्मनीतून टोकियोला बदली होणारे आयटीतले कितीतरी मराठी लोक आहेत. सामान बांधताना ड्रॉवरच्या तळाशी राहिलेला एक जुना संच जहाजाच्या खोक्यात जाऊ शकतो. तो आधीच कुणाला तरी देऊन टाका.

ब्रिटनमध्ये घरात साधनं ठेवायला हरकत नाही. घराबाहेर नेली तर १९६८ च्या चोरीविषयक कायद्याचं २५ वं कलम आड येऊ शकतं. चोरी-घरफोडीसाठीचं साहित्य बाळगणं हा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तिथे प्रश्न हेतूचा असतो. तुम्ही बैठकीला चालला आहात हे दाखवता आलं पाहिजे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, आणि त्याशिवाय अशी साधनं टपालाने पाठवण्यावर केंद्राच्या कायद्याचं बंधन आहे.

आणि आपल्याकडे? सुट्टीत गावी जाताना हौसेने संच बॅगेत टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर. रात्री अडीचला मुंबईच्या विमानतळावर उतरून टॅक्सीने सांगलीला निघालेल्या माणसाने ती जबाबदारी अंगावर का घ्यावी?

एक गोष्ट मनापासून सांगते. कायदा सगळ्यांना सारखा असला तरी रस्त्यावरची नजर सारखी नसते. स्टेशनवर पोलिसांनी थांबवून बॅग उघडायला सांगितली, तर गोऱ्या निवृत्त सुताराच्या बॅगेतल्या सळया आणि माझ्या बॅगेतल्या सळया यांना एकच अर्थ लागेल, याची खात्री मला वाटत नाही. आपला राहण्याचा परवाना, पुढे नागरिकत्वाचा अर्ज, सगळं स्वच्छ नोंदीवर अवलंबून असतं. म्हणून मी साधनं फक्त बैठकीच्या दिवशी बाहेर नेते, सोबत सरावाचे दोन सिलिंडर आणि मंडळाचं सभासदपत्र ठेवते, आणि येताना मध्ये कुठेही न थांबता घरी येते. शेजाऱ्यांना मी स्वतःहून सांगून ठेवलंय. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. शेजारच्या आजींना तर एक सिलिंडर उघडून दाखवला, आणि दर दिवाळीला चकली घेऊन गेले की त्या विचारतात, आता कुठलं चाललंय?

फुटपाथवरची कानस

मंडळाच्या स्पर्धांत एक प्रकार आहे, ज्याने माझा या सगळ्याकडे पाहायचा दृष्टिकोन बदलला. त्यात कुलूप नुसतं उघडायचं नसतं, त्याची किल्ली बनवायची असते. हातात कोरी किल्ली आणि कानस, समोर बंद कुलूप. कोरी किल्ली आत घालायची, पीळ देऊन वरखाली हलवायची, बाहेर काढायची आणि भिंगाखाली धरायची. जिथे पिन अडून दाबली गेली, तिथे पितळावर सुईच्या टोकाएवढा मंद ठिपका उमटतो. तिथे कानस चालवायची, दोनच हात. पुन्हा घालायची. ठिपका आला तर अजून घासायचं. पिन योग्य उंचीवर आली की त्या जागी ठिपका उमटायचा थांबतो. मग तिथे थांबायचं, कारण जास्त घासलेलं परत भरता येत नाही. कसलेले स्पर्धक काही मिनिटांत चालणारी किल्ली तयार करतात. बघणारे श्वास रोखून उभे असतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे तर मी लहानपणी पाहिलंय. सांगलीला बाजारपेठेच्या कोपऱ्यावर किल्ल्यांच्या जुडग्यांची माळ टांगून एक काका बसायचे. आमच्या आजीच्या ट्रंकेची किल्ली हरवली तेव्हा बाबांनी ती ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून त्यांच्याकडे नेली होती. काकांनी कोरी किल्ली घातली, हलवली, काढली, डोळ्याजवळ धरली, उन्हात तिरकी केली आणि घासली. पाच-सहा वेळा. भिंग नाही, वाइस नाही. पायाच्या अंगठ्यात किल्ली धरून कानस चालवत होते. महाराष्ट्रात हे काम करणारे पुष्कळ लोक शिकलगार शीख समाजातले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचं काम करत आलेले. ज्या कौशल्याला इथे टाळ्या मिळतात, त्याच कौशल्याकडे आपल्याकडे किती वेळा संशयाने पाहिलं जातं, हे आठवून मला वाईट वाटतं. आणि आम्ही त्या काकांना दिले होते मोजून काही रुपये, तेही घासाघीस करून.

गेल्या डिसेंबरात सांगलीला गेले तेव्हा त्या कोपऱ्यावर त्यांचा मुलगा बसलेला होता. मी बॅगेतून सहा लिव्हरचं एक कुलूप काढलं, जुन्या बाजारातून घेतलेलं, किल्ली नसलेलं. म्हटलं, दादा, याची किल्ली करून द्या, पण मला शेजारी बसून बघू द्या. त्यांनी आधी कुलूप हातात घेऊन उलटंपालटं केलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, कुलूप तुमचंच आहे ना?’

मी पावती दाखवली. त्यांनी स्टूल सरकवलं.